पिवळी काच, न फुटणारी काच

पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळचा, म्हणजे २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधला एक फोटो तुमच्याही व्हॉट्सअॅपवर नक्की येऊन गेला असेल. एका बाजूला दक्षिण कोरियाची किम ये-जी, एका डोळ्यावर भिंग, दुसऱ्यावर झापड, सगळा थाट एखाद्या सायन्स फिक्शन सिनेमातला. दुसऱ्या बाजूला तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा युसुफ डिकेच, अंगात टी-शर्ट, एक हात खिशात, नाकावर रोजचाच साधा चष्मा. आणि पदक दोघांनाही रौप्यच! डिकेचने ज्या मिश्र सांघिक स्पर्धेत ते मिळवलं, त्याच स्पर्धेत कांस्य आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने घेतलं होतं, हे मात्र त्या विनोदांच्या गर्दीत मागे पडलं. दोन दिवसांनी, १ ऑगस्टला, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत उतरला. इथे अमेरिकेत तेव्हा उजाडलंही नव्हतं. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं ऐकत मोठे झालेल्या आपल्या पिढीला त्या पदकाचं अप्रूप वेगळं सांगायला नको.

त्या फोटोनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की नेमबाजांचे हे चष्मे असतात तरी कशासाठी. ऑलिम्पिकच्या पिस्तूल-रायफलपुरतं उत्तर सोपं आहे. किमच्या चष्म्यात एक छोटं छिद्र लहान-मोठं करता येतं. कॅमेऱ्याचं अॅपर्चर कमी केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, तसंच इथे. बंदुकीची माशी आणि लांबचं लक्ष्य एकाच वेळी त्यातल्या त्यात नीट दिसतं. दुसऱ्या डोळ्यावरची झापडही नियमात बसणारी, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. एक डोळा मिटून धरण्याचा ताण तिने वाचतो. थोडक्यात, हा चष्मा मुख्यतः नेम साधण्यासाठी असतो.

अमेरिकेतल्या कुठल्याही खेळसाहित्याच्या दुकानात काउंटरमागे टांगलेले पिवळे, नारिंगी, जांभळट चष्मे ही वेगळी जात आहे. त्यांचा इतिहास छर्‍याच्या बंदुकीचा, उडणाऱ्या तुकड्यांचा आणि गेलेल्या डोळ्यांचा आहे. त्यात दोन वेगळे धागे आहेत. एक रंगाचा, म्हणजे जास्त चांगलं दिसावं म्हणून चाललेल्या खटपटीचा. दुसरा मजबुतीचा, म्हणजे डोळा शाबूत राहावा म्हणून केलेल्या शोधाचा. हे दोन्ही धागे अनेक दशकं स्वतंत्र चालले आणि नंतर एकाच चष्म्यात येऊन बसले. त्यामुळे विकत घेणाऱ्याला वाटतं की रंग म्हणजेच संरक्षण. तसं ते नाही, आणि म्हणूनच हा इतिहास माहीत असलेला बरा.

एकोणिसाव्या शतकात इथे नेमबाजीची स्पर्धा म्हणजे जिवंत कबुतरं सोडायची आणि पाडायची. पॅसेंजर पिजन नावाचे पक्षी तेव्हा आकाश झाकून टाकतील इतके होते. त्यांची शिकार इतकी झाली की शेवटची मादी, मार्था, १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि जात संपली. पक्ष्यांना पर्याय म्हणून १८६० च्या दशकात बॉस्टनकडे काचेचे गोळे हवेत उडवायची पद्धत आली. कॅप्टन बोगार्डस या नेमबाजाने ते उडवण्याचं सुधारलेलं यंत्र काढलं आणि गोळे फोडण्याचे जाहीर प्रयोग गावोगाव होऊ लागले. बफेलो बिलच्या तमाशातली अॅनी ओकली असे गोळे फोडूनच गाजली. काही गोळ्यांत पिसं भरलेली असत, म्हणजे फुटल्यावर पक्षी मेल्यासारखं दिसावं! डोक्यावर हवेत काच फुटते आहे, खाली माणसं उभी आहेत, आणि डोळ्यांवर काही नाही. पुढे मैदानावरच्या काचांचा खच ही स्वतंत्र डोकेदुखी झाली. १८८० मध्ये सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं आणि काचेचे गोळे मागे पडले. आज तबकडी मातीची उरलेली नाही, पण नाव ‘क्ले’ हेच चिकटलंय.

धोका फक्त वरून पडणाऱ्या तुकड्यांचा नव्हता. त्या काळच्या बंदुकीत बार उडवायला तांब्याची छोटी टोपी असे. घोडा आदळला की ती फुटायची आणि तांब्याची कपची कधीकधी थेट नेम धरणाऱ्याच्याच डोळ्यात जायची. पुढे पुंगळीची काडतुसं आली तरी पुंगळी फाटणं, मागून गरम वायू येणं, शेजाऱ्याच्या बंदुकीतून उडालेली तापलेली पुंगळी चष्म्याच्या फटीतून आत पडणं हे चालूच राहिलं.

डोळ्याच्या इजेबद्दल एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. एका डोळ्याला आरपार जखम झाली की काही वेळा शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही उलटते. अमेरिकन विनोदी लेखक जेम्स थर्बर लहानपणी, १९०१ मध्ये, व्हर्जिनियात भावाबरोबर विल्यम टेलचा खेळ खेळत होता. भावाचा खेळातला बाण डाव्या डोळ्यात गेला. तो डोळा गेलाच, आणि पुढच्या आयुष्यात उजव्याचीही दृष्टी हळूहळू जाऊन तो जवळजवळ आंधळा झाला. त्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं असं अनेकांनी म्हटलंय.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टची आठवण इथे टाळता येत नाही. तेराव्या वर्षी हातात बंदूक आली तेव्हा मित्रांना दिसणारी सावजं आपल्याला दिसतच नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, आणि आपली नजर अधू आहे हे त्याला त्यातून कळलं. चष्मा लागला तो कायमचा. १९१२ मध्ये मिलवॉकीत त्याच्यावर गोळी झाडली गेली, ती खिशातल्या घडी घातलेल्या लांबलचक भाषणातून आणि चष्म्याच्या पोलादी डबीतून गेल्यामुळे मंदावली. छातीत गोळी घेऊन त्याने ते भाषण तासाहून जास्त वेळ केलंसुद्धा. चष्म्याच्या डबीने वाचवलेला अध्यक्ष हा एकच असावा.

आता रंगाकडे वळू. रंगीत काचा जुन्याच आहेत, पण त्यामागे मोजमाप आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्लंडमध्ये सर विल्यम क्रुक्सने भट्टीसमोर काम करणाऱ्या काच-कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय म्हणून तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा बनवून पाहिल्या, आणि कोणती काच कोणता प्रकाश अडवते याची नोंद केली. ते काम १९१३-१४ चं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीने ‘नोव्हिऑल’ ही पिवळी काच काढली. ती वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडचा प्रकाश अडवते, नावातच ते आलं. तिथून जवळच रॉचेस्टरला बॉश अँड लॉम्ब होती, दोन जर्मन स्थलांतरितांनी १८५३ मध्ये सुरू केलेली. उत्तम ऑप्टिकल काच तोवर जर्मनीतून यायची. पहिल्या महायुद्धात ती वाट बंद झाली आणि रॉचेस्टरला आपली काच आपणच ओतावी लागली.

याच सुमारास मॅसेच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस आणि विल्यम हार्नडेन फॉस्टर या शिकारी मित्रमंडळींनी सरावासाठी एक खेळ बसवला. घड्याळाच्या आकड्यांसारखं वर्तुळ आखायचं आणि एकेका जागेवरून तबकड्या फोडायच्या. पुढे शेजाऱ्याने कोंबड्या पाळल्या. त्या दिशेने बार काढणं बरं नव्हे, म्हणून वर्तुळाचं अर्धवर्तुळ झालं! १९२६ मध्ये एका मासिकाने या खेळाला नाव सुचवायची स्पर्धा घेतली. मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी ‘स्कीट’ हा शब्द सुचवून शंभर डॉलर मिळवले. खेळ देशभर पसरला आणि त्याच्याबरोबर चष्म्यांना गिऱ्हाईकही.

बॉश अँड लॉम्बने वैमानिकांसाठी हिरव्या काचेचा चष्मा केला होता. १९३७ मध्ये त्याला रे-बॅन हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, ‘शूटर’ आला. हिरव्या काचेत मिळायचा आणि ‘कॅलिक्रोम’ नावाच्या फिकट पिवळ्या काचेतही. निळा प्रकाश गाळून धूसरपणा कमी करणारी काच म्हणून तिची ख्याती होती. नाकावरच्या दांडीत एक गोल कडी. नेम धरताना हात मोकळे राहावेत म्हणून सिगारेट तिथे खोचायची, अशी कंपनीची आख्यायिका आहे. डोळ्यांच्या रक्षणाच्या साधनात सिगारेटची सोय! तो काळच तसा होता. १९३९ मध्ये शिकारी-नेमबाजांसाठी आणखी एक नमुना आला. नेमबाज म्हटला की पिवळा चष्मा, हे समीकरण तिथून पक्कं झालं. दुसऱ्या महायुद्धात विमानांतल्या तोफचींना उडत्या लक्ष्यावर पुढे नेम धरण्याचा सराव स्कीटच्याच मैदानावर छर्‍याच्या बंदुकीने दिला गेला. हजारो तरुण हा खेळ शिकून घरी परतले, आणि रंगीत काचेचं वेडही त्यांच्याबरोबर आलं.

पण पिवळ्या काचेने खरंच जास्त दिसतं का?

थोडं खरं आहे, थोडं मनाचं. निळा प्रकाश आपल्या डोळ्यात हिरव्या-लालपेक्षा अलीकडे एकवटतो, दृष्टिपटलावर तो नेमका पडत नाही. निसर्गानेही यावर पिवळ्याचाच उपाय केलाय. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यभागाने आपण बारीक पाहतो तिथे पिवळं रंगद्रव्य असतं, म्हणूनच मराठीत त्याला पीतबिंदू म्हणतात. तेव्हा काचेने आणखी निळा गाळला तर कडा किंचित ठळक होतात, विशेषतः ढगाळ दिवशी, आकाशापुढे उडणाऱ्या तबकडीच्या. अमेरिकन नौदलाच्या कनेक्टिकटमधल्या पाणबुडी-वैद्यक प्रयोगशाळेने पिवळ्या गॉगलवर बरंच काम केलं. अंधुक, कमी उठावाच्या गोष्टींवर डोळा थोडा लवकर प्रतिसाद देतो, असं त्यात आढळलं. पण सगळ्यात मोठा परिणाम जाणवण्याचा आहे. पिवळ्या काचेतून जग जास्त उजळ वाटतं, आणि प्रत्यक्षात डोळ्यात जाणारा प्रकाश कमीच झालेला असतो. दाट धुक्यात तर तिचा काही उपयोग नाही. धुक्याचे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात.

म्हणजे पिवळा चष्मा घालू नये असं नाही. मन प्रसन्न झालं तर नेमही बरा लागतो, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. मुद्दा इतकाच की १९३८ च्या त्या पिवळेपणाचा आणि डोळा वाचण्याचा काही संबंध नव्हता. ती काच होती. तापवून कठीण केलेली असली तरी काचच, आणि जोराच्या आघाताने फुटणारी. फुटलेली काच डोळ्याचं काय करते हे आपल्या क्रिकेटवेड्या पिढीला सांगायला नको. १९६१ मध्ये इंग्लंडात होव्ह इथे मोटारीच्या अपघातात पुढच्या काचेचा कपचा मन्सूर अली खान पतौडीच्या उजव्या डोळ्यात गेला. पुढच्याच वर्षी, २१ व्या वर्षी, तो एका डोळ्याच्या नजरेवर भारताचा कर्णधार झाला. त्याच्या जिद्दीचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण तशी जिद्द दाखवायची वेळ कुणावर येऊ नये.

दुसरा धागा १९५३ मध्ये सुरू होतो, आणि त्याला नेमबाजीची गंधवार्ताही नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकचा रसायनतज्ज्ञ डॅनियल फॉक्स तारांवर चढवायच्या आवरणासाठी काहीतरी शोधत होता. भांड्यातलं मिश्रण घट्ट होत गेलं आणि ढवळायच्या दांड्यावर त्याचा पारदर्शक गोळा बसला. तो आपटला, ठोकला, फुटेना. साधारण त्याच दिवसांत जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेलनेही तोच पदार्थ स्वतंत्रपणे केला होता, आणि पेटंटच्या अर्जात त्याने थोडक्यात बाजी मारली. हा पदार्थ म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९६० च्या सुमारास तो बाजारात आला, अपोलोच्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट त्याचाच होता, आणि सत्तरच्या दशकात तो चष्म्यात उतरला. त्याचा आणखी एक गुण म्हणजे अतिनील किरण तो स्वतःच जवळजवळ पूर्ण अडवतो. बिनरंगी असला तरी. गडद गॉगल म्हणजे अतिनीलपासून बचाव ही समजूत त्याच्या बाबतीत निकालात निघते.

आता आकडे, कारण खरी निवड इथे होते. माझी मुलगी शाळेच्या संघातून तबकड्या फोडायला जाते. हायस्कूलची ही लीग २००१ मध्ये मिनेसोटात सुरू झाली आणि आता बऱ्याच राज्यांत आहे. डोळ्या-कानांचं संरक्षण त्यात सक्तीचं. पहिल्या दिवशी तिचे आजोबा म्हणाले, “तिला चष्मा आहेच की, आणखी दुसरा कशाला?” प्रश्न रास्त होता. अमेरिकेत १९७२ पासून प्रत्येक रोजच्या चष्म्याच्या काचेने एक परीक्षा पास व्हावी लागते. पाच अष्टमांश इंच व्यासाचा पोलादी गोळा ५० इंचांवरून त्यावर टाकतात. खाली येईपर्यंत त्याचा वेग होतो ताशी साधारण १८ किलोमीटर, म्हणजे आरामात चाललेली सायकल. सुरक्षा-चष्म्याचं मानक झेड ८७.१. त्यातल्या वरच्या दर्जासाठी पाव इंचाचा गोळा सेकंदाला १५० फूट वेगाने काचेवर मारतात. हे झाले ताशी जवळपास १६५ किलोमीटर. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने टाकलेला तो विक्रमी चेंडू १६१.३ चा होता! गोळा लहान असला तरी आघाताची ऊर्जा रोजच्या चष्म्याच्या परीक्षेच्या पाचपट भरते. शिवाय अर्धा किलो वजनाचं टोकदार वजन वरून टाकून फ्रेमसकट तपासतात, कारण काच न फुटता फ्रेममधून निसटून डोळ्यात गेली तर काय उपयोग? हे सगळं पार केलेल्या काचेवर आणि फ्रेमवर ‘झेड ८७’ आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह कोरलेलं असतं. अक्षर बारीक असतं, दुकानातच भिंगाखाली शोधावं. आजोबांना मी हा शोएबचा हिशेब सांगितला आणि त्यांची खात्री पटली. दुसऱ्या कुठल्या पुराव्याने पटली असती असं वाटत नाही.

सैन्याचं मानक याच्याही पुढचं आहे. तिथे ०.१५ कॅलिबरचा तुकडा सेकंदाला सुमारे ६५० फूट वेगाने मारून पाहतात. तरीही छर्‍याच्या बंदुकीतून निघताना छर्‍याचा वेग १२०० फुटांच्या आसपास असतो. तेव्हा जवळून सुटलेल्या बारापासून वाचवेल असा चष्मा कुठल्याही रंगात मिळत नाही. चष्मा आहे तो परतून आलेल्या छर्‍यासाठी, तबकडीच्या तुकड्यासाठी, फाटलेल्या पुंगळीसाठी. त्यासाठी तो बाजूंनीही डोळा झाकणारा, गालाशी आणि भुवईशी फट न ठेवणारा हवा.

एवढं जमलं की मग रंगाची हौस खुशाल करावी. आजच्या तबकड्या बहुधा भडक नारिंगी असतात. मागे हिरवी झाडी असेल तर गुलाबी-जांभळट काच हिरवा दाबते आणि नारिंगी उठून दिसतो. ढगाळ आकाशापुढे पिवळी किंवा फिकट नारिंगी. रणरणत्या उन्हात करडी, कारण ती सगळे रंग सारखेच कमी करते. बंद हॉलच्या रेंजवर आणि संध्याकाळी सरळ बिनरंगी. माझं स्वतःचं मत असं की डोळे मिचकावे लागणार नाहीत इतपतच गडद घ्यावी, त्याहून जास्त नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि स्पष्टता कमी होते. किमच्या त्या छिद्राच्या अगदी उलट. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा सोयीच्या खऱ्या, पण ढग आला-गेला तर त्या मागेच राहतात. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणारे पुरुष बरेच असतात, कित्येकांना ते माहीतही नसतं. त्यांच्यासाठी लालसर काच उपयोगी पडेलच असं नाही, म्हणून मैदानावर दुसऱ्याची मागून घालून बघावी आणि मगच विकत घ्यावी. नंबर असेल तर नंबरचाच सुरक्षा-चष्मा करून घेता येतो, किंवा रोजच्या चष्म्यावरून बसेल असा मोठा मिळतो.

बिनरंगी जोडी घरात आली की तिचे बाकीचे उपयोग सुचत जातात. गवत कापताना, भिंतीत ड्रिल मारताना, आणि चार जुलै असो की लक्ष्मीपूजन, मुलं अंगणात फटाके उडवत असताना. बघ्यांनीही घालायला हवी. रेंजवर तर मागे बाकावर बसलेल्या पालकांनाही ती घातल्याशिवाय बसू देत नाहीत.

एक लक्षात ठेवायचं. पॉलिकार्बोनेट आघाताला दणकट असलं तरी ओरखड्यांना आणि रसायनांना नाजूक आहे. अॅसिटोन किंवा बंदूक साफ करायची द्रावणं लागली तर त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि मजबुती जाते. साबणाच्या पाण्याने धुवावी, मऊ कापडाने पुसावी, नेलपॉलिशच्या बाटलीपासून लांब ठेवावी. भेग दिसली किंवा एकदा का जोराचा तुकडा लागला, की ती जोडी फेकायची. बिनरंगी नवी जोडी साध्या दुकानात दहा-पंधरा डॉलरला मिळते.